जुनी डिझेल पिकअप वाटेत बंद पडते, तेव्हा मालकाच्या हातात काय असतं?

बेळगाव : बेळगावच्या मार्केटमध्ये भाजी भरायची आणि उजाडायच्या आत ती गोव्यात उतरवायची, हा सीमाभागातल्या कित्येक पिकअपवाल्यांचा रोजचा धंदा आहे. पिरनवाडी मागे पडली की जांबोटी, कणकुंबी, मग चोर्ल्याचा घाट आणि खाली केरी, साखळी. या वाटेत गाडी बंद पडली की कोथिंबीर-मेथी मान टाकू लागते आणि मालक फोन घेऊन मेस्त्रीच्या मागे लागतो. रात्री दोन वाजता मेस्त्रीने फोन उचलला, तरी तो घाटात पोचेपर्यंत खालचा बाजार संपलेला असतो. भाडं जातं, कधी मालही जातो आणि नेहमीचं गिऱ्हाईक तुटलं तर ते वेगळंच.

या धंद्यातल्या बऱ्याच गाड्या जुन्या आहेत. टाटा २०७, महिंद्राच्या बोलेरो आणि त्याआधीच्या पिकअप. नव्या गाडीचा हप्ता आणि भाजीच्या भाड्याचं गणित जुळत नाही, म्हणून जुनीच चालवायची. पण यातल्या अनेक गाड्यांची एक जमेची बाजू आहे: त्यांच्या इंजिनात कॉम्प्युटर नाही. ज्याने मळ्यातलं विहिरीवरचं ऑइल इंजिन हँडल मारून सुरू केलं आहे, त्याला पिकअपच्या इंजिनातलं निम्मं आधीच ठाऊक असतं. वाटेत बंद पडणाऱ्या जुन्या गाडीचा दोष बहुतेक वेळा डिझेल, हवा किंवा पाणी यांच्या साध्या वाटेवर असतो आणि तो मालकाला सापडू शकतो. मात्र कुठे हात घालायचा नाही, हेही तेवढंच नीट माहीत हवं.

आधी इंजिनाची जात ओळखावी

बॉनेट उघडून पंपाकडे बघायचं. पंपातून प्रत्येक नोझलला एकेक बारीक लोखंडी नळी गेली असेल आणि नोझलवर कसलीही वायर नसेल, तर गाडी जुन्या मेकॅनिकल पंपाची. सगळ्या नोझलना एकाच जाड नळीतून डिझेल जात असेल आणि प्रत्येक नोझलच्या डोक्यावर वायरचा प्लग असेल, तर ती कॉमन रेल. कॉमन रेलमध्ये डिझेलचा दाब हजार बारच्या वर जातो. पिकअपच्या चाकात ६० पौंड हवा भरली तर ती होते जेमतेम ४ बार, यावरून अंदाज यावा. अशा गाडीत फिल्टर, ऑइल, पाणी, बेल्ट एवढं मालकाने बघावं. नोझलच्या नळ्यांना पाना लावूच नये.

जुन्या पंपाच्या गाडीतही नोझलकडे जाणाऱ्या नळीत साधारण २०० बार दाब असतो. त्यामुळे इंजिन चालू असताना त्या नळीची गळती बोट लावून शोधायची नाही, पुठ्ठ्याचा तुकडा धरून बघायची. तेवढ्या दाबाचं डिझेल कातडीतून आत शिरतं. जखम सुईच्या टोकाएवढी दिसते, पण आतून हात सडू शकतो. असं झालं तर दुखायची वाट न बघता थेट हॉस्पिटल गाठायचं.

‘हवा धरली’ म्हणजे काय झालं?

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन हवा दाबून तिची जागा साधारण अठरावा हिस्सा करतो, ती हवा ५०० अंशांच्या वर तापते आणि त्यात नोझलने डिझेलचा फवारा मारला की ते आपोआप पेटतं. स्टार्टर जोमात फिरतोय आणि तरी इंजिन उचलत नाही, तर पहिला संशय डिझेलवर घ्यावा. टाकीत डिझेल असून ते नोझलपर्यंत पोचत नसतं, कारण मध्ये हवा बसलेली असते. डिझेल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते. पंप आपला त्या बुडबुड्यालाच दाबत बसतो, नोझल उघडायला लागणारा दाब तयार होत नाही.

ही हवा शिरते कुठून? टाकी पूर्ण कोरडी झाली किंवा फिल्टर बदलला तर शिरणारच. पण सकाळी गाडी चार सेकंद चालून बंद पडते, मग बराच वेळ सेल्फ मारल्यावर चालू होते, असं रोज होत असेल तर टाकी ते फीड पंप यांमधली रबरी नळी बघावी. या भागात डिझेल ओढलं जातं, ढकललं जात नाही. त्यामुळे नळीला चीर असली तरी डिझेल बाहेर ठिबकत नाही, उलट हवा आत ओढली जाते. खाली डाग दिसत नाही म्हणून मालक निर्धास्त असतो आणि दोष नेमका तिथेच असतो. क्लिप सैल, नळी कडक होऊन तडकलेली, फिल्टरची रबरी रिंग जुनीच बसवलेली, या तीन ठिकाणी बहुतेक वेळा चोर सापडतो.

हवा काढण्याआधी एक छोटी तपासणी करून घ्यावी. अनेक गाड्यांत पंपावर डिझेल बंद करणारा सोलेनॉइड असतो. चावी ऑन केली की त्याचा ‘टक्’ असा आवाज यायला हवा. आवाज नाही, तर बऱ्याचदा वायर सैल झालेली असते किंवा फ्यूज गेलेला असतो आणि तासभर हवा काढूनही उपयोग होत नाही.

आवाज येत असेल तर कामाला लागायचं. फिल्टरच्या डोक्यावरचा हवेचा स्क्रू दोन आटे सैल करायचा आणि हँड प्रायमर मारत राहायचा. आधी फेस येतो, मग फेस-डिझेल मिसळून, मग डिझेलची सलग धार. धार सलग झाली की प्रायमर दाबलेला असतानाच स्क्रू आवळायचा. पंपावर हवेचा स्क्रू असेल तर तिथेही हेच. बहुतेक वेळा एवढ्यावर गाडी चालू होते. नाही झाली तर मेकॅनिकल पंपाच्या गाडीतच, दोन नोझलचे नट अर्धा आटा सैल करून, तोंड लांब ठेवून, दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगायचा. नटापाशी डिझेल उसळू लागलं की आवळून टाकायचं. सेल्फ एका वेळी दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त मारू नये, मध्ये मिनिटभर थांबावं. घाईत स्टार्टर जळाला की हवेच्या बुडबुड्याचं बिल कितीतरी पटीने वाढतं.

पावसाळ्यात यात पाण्याची भर पडते. कणकुंबीच्या पावसात उभ्या गाडीच्या टाकीचं झाकण सैल असेल किंवा डिझेल कॅनमधून भरलं असेल, तर पाणी आत जातं. पाणी जड, ते फिल्टरच्या बुडाशी बसतं. तिथला ड्रेन स्क्रू आठवड्यातून एकदा उघडून थोडं डिझेल काचेच्या बाटलीत काढून बघावं. खाली वेगळा थर दिसला तर तो जाईपर्यंत काढावा. पाणी पंपात गेलं तर तो गंजतो आणि मग पंप-नोझलवाल्याकडे जाण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

धूर बघायला पैसे पडत नाहीत

चढावर काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानाने हवा कमी. पहिल्यांदा एअर फिल्टर उघडावा. ऊसतोडीच्या दिवसांत पाणंदीची धूळ खाऊन तो गच्च झालेला असतो. कागदी फिल्टर आतून बाहेर, कमी दाबाच्या हवेने झटकायचा, धुवायचा नाही. फिल्टर काढून ‘गाडी मोकळी पळते’ म्हणत फिरवणारे आहेत. तेवढ्या धुळीत रिंगा आणि लायनर घासून निघतात. फिल्टर साफ असूनही काळा धूर राहिला तर नोझल तपासायला द्यावेत.

निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा धूर थंड सकाळी थोडा वेळ येऊन थांबला तर ते न जळलेलं डिझेल. पण गाडी तापल्यावरही पांढरा धूर येत राहिला आणि रेडिएटरचं पाणी रोज कमी होत असेल, तर हेड गॅसकेटचा संशय धरावा. अशा वेळी डिपस्टिक काढून बघावी. ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं तर गाडी तिथेच थांबवावी.

डिपस्टिकचं आणखी एक सांगणं बरेच जण ऐकत नाहीत. ऑइल कमी झालं की सगळ्यांना कळतं, पण ऑइल वाढलं तर ‘बरं झालं’ म्हणून सोडून देतात. ऑइल आपोआप वाढत नाही. फीड पंप किंवा पंपाचं सील गळून डिझेल खाली चेंबरमध्ये उतरतंय असा त्याचा अर्थ. पातळ झालेल्या ऑइलवर इंजिन पळवलं तर बेअरिंग जातात. वासावरून लगेच कळतं.

पाण्याच्या बाबतीत सीमाभागात एक जुनी खोड आहे. गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून फेकायचा. त्याने काटा खाली राहतो खरा, पण इंजिन योग्य तापमानाला पोचतच नाही, डिझेल जास्त खातं आणि लवकर झिजतं. तापण्याचं खरं कारण बोअरच्या खाऱ्या पाण्याने चोंदलेला रेडिएटर, ढिला फॅन बेल्ट किंवा फुगलेला होज पाईप, यांत असतं. कूलंट घालावं, आणि गरम रेडिएटरचं झाकण उघडायची घाई करू नये.

घाट उतरताना

गाडी बंद पडली तर नुकसान होतं, पण ब्रेक लागला नाही तर माणसं जातात. म्हणून इतर काही जमलं नाही तरी ब्रेकचं एवढं समजून घ्यायलाच हवं.

जुन्या डिझेल पिकअपमध्ये ब्रेकला जोर देणारा बूस्टर व्हॅक्यूमवर चालतो. तो व्हॅक्यूम इंजिनवर फिरणारा पंप तयार करतो आणि अनेक गाड्यांत हा पंप अल्टरनेटरच्या मागे बसवलेला असतो. इंजिन बंद केलं की साठलेल्या व्हॅक्यूमवर दोन-तीनदा ब्रेक लागतो, मग पेडल दगडासारखं होतं. डिझेल वाचवायला उतारावर इंजिन बंद करणारा ड्रायव्हर स्वतःचा ब्रेक स्वतःच काढून घेत असतो. न्यूट्रलमध्ये सोडणंही तसंच. गाडी गियरमध्ये असून पाय अॅक्सिलरेटरवरून काढला, तर उतारावर पंपाचा गव्हर्नर डिझेल जवळजवळ तोडतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिनाला आयडलिंगपुरतं डिझेल लागतंच. म्हणजे बचत काहीच नाही. ज्या गियरमध्ये घाट चढला असता, त्याच गियरमध्ये उतरावा, हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम आजही बरोबर आहे.

बूस्टर तपासायला अर्धं मिनिट लागतं. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबायचं, कडक झालं की पाय तसाच ठेवून इंजिन चालू करायचं. पेडल थोडं खाली गेलं तर बूस्टर काम करतोय. मग पाय तसाच दाबून अर्धं मिनिट थांबायचं. पेडल हळूहळू खाली जात राहिलं तर मास्टर सिलिंडर किंवा कुठेतरी गळती आहे. अशी गाडी घाटात न्यायची नाही.

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. नवं डॉट ३ ऑइल २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण पाणी शोषलेल्या ऑइलचा हाच आकडा १४० पर्यंत येतो. माल भरलेल्या गाडीने सलग ब्रेक दाबत घाट उतरला तर ऑइल उकळून त्यात वाफ होते आणि पेडल स्पंजासारखं आत जातं. म्हणून गाडी कमी चालली असली तरी दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदलून घ्यावं. लायनरचा जळका वास आला तर सपाट जागा बघून थांबावं. तापलेल्या ड्रमवर पाणी ओतू नये, तो तडकतो. आणि दीड पट माल भरलेल्या गाडीला हे सगळं करूनही ब्रेक पुरेल याची खात्री नाही.

व्हॅक्यूम पंपाची ऑइलची रबरी नळीही याच वेळी बघून घ्यावी. त्या पंपाला इंजिनाचंच ऑइल जातं. नळी फुटली तर काही मिनिटांत इंजिन ऑइल रस्त्यावर येतं, आणि ऑइलच्या दिव्याकडे लक्ष नसेल तर इंजिन सीझ होतं.

मेस्त्रीचं काम मेस्त्रीला

पंप उघडणं, पंपाचं टायमिंग, नोझलचा दाब, व्हील सिलिंडर, स्टेअरिंगचे जोड: इथे घरी प्रयोग नको. पंप-नोझलला टेस्ट बेंच लागतो आणि क्रँक, हेडच्या कामाला उद्यमबाग किंवा कोल्हापूरच्या उद्यमनगरसारखी मशीनची जागा. गाडीखाली जायचं झालं तर नुसत्या जॅकवर कधीही नाही. चाकांना दगड, चासीखाली स्टँड, स्टँड नसेल तर आडवी ठेवलेली स्टेपनी तरी हवी.

कागदांबद्दलही एक गैरसमज आहे. दहा वर्षांवरच्या डिझेल गाडीवर बंदी ही दिल्ली परिसराची गोष्ट. इकडे मालवाहू गाडीला आठ वर्षांनंतर दरवर्षी फिटनेस लागतं आणि बीएस-४ च्या आधीच्या गाडीला दर सहा महिन्यांनी पीयूसी. काळा धूर टाकणारी गाडी तिथेच अडकते.

सीटमागे १० ते १९ नंबरचे पाने, पकड, पेचकस, टॉर्च, एक डिझेल फिल्टर रिंगसकट, एक फॅन बेल्ट, हातभर डिझेलची नळी, चार क्लिपा, दोन लिटर इंजिन ऑइल आणि पाच लिटर पाणी असावं. त्याबरोबर एक वही. ऑइल, फिल्टर, ब्रेक ऑइल कधी आणि किती किलोमीटरला बदललं ते त्यात लिहायचं, कारण जुन्या गाडीचा मीटर बऱ्याचदा बंदच असतो. मीटर बंद असेल तर किलोमीटरऐवजी गोव्याच्या फेऱ्या लिहिल्या तरी चालतं.