बागामोयोत भेटला नाशिकचा जेकब

एका सेमिस्टरसाठी मी सध्या टांझानियात, दार-एस-सलामला आहे. रविवारी डालाडालात (आपली काळी-पिवळीच समजा) कोंबून बसले आणि सत्तरेक किलोमीटरवरच्या बागामोयोला गेले.

एकोणिसाव्या शतकात टांगानिका सरोवराकडून येणारे तांडे इथे किनाऱ्याला लागायचे. डोक्यावर हस्तिदंत. आणि तांड्यांसोबत विकायला आणलेली माणसंही; पुढे गलबतानं झांझिबार.

इथल्या मिशनमध्ये फेब्रुवारी १८७४ मध्ये डेव्हिड लिव्हिंगस्टनचा देह आणला होता. तो मे १८७३ मध्ये वारला, आजच्या झांबियात. सोबतच्या आफ्रिकन माणसांनी हृदय तिथंच झाडाखाली पुरलं, मीठ लावून देह वाळवला आणि दीड हजारांवर किलोमीटर वाहून आणला!

सुसी आणि चुमा ही नावं सगळे सांगतात. मी मात्र जेकब वेनराइटसाठी गेले होते. दफनाची प्रार्थना वाचणारा, झाडावर नाव-तारीख कोरणारा तो. त्याला लिहितावाचता यायचं, कारण शिकला होता आपल्या नाशकात, शरणपूरला! ब्रिटिश आरमार गुलामांच्या गलबतांवरून सोडवलेली मुलं मुंबईला उतरवायचं, त्यातली काही तिकडे पाठवायचे. शरणपूर रोडवरून मी वर्षानुवर्षं क्लासला गेले, कुणी सांगितलं नाही हो.

जेकब देहासोबत इंग्लंडला गेला, वेस्टमिन्स्टर ॲबेतल्या अंत्ययात्रेत शवपेटीसोबत चालला. सुसी-चुमाला नंतर बोलावलं. ते पोहोचेपर्यंत दफन उरकलं होतं.