टॅक्स आमचा, रिफंड भलत्याचाच

अमेरिकेत घराबाहेरची टपालपेटी उघडली की निम्म्याहून जास्त रद्दीच निघते. पिझ्झ्याची कुपनं, गाडीच्या वॉरंटीची पत्रं, क्रेडिट कार्डाच्या ऑफर. त्या गठ्ठ्यात कधीतरी एक साधं पांढरं पाकीट असतं. तुम्ही आज जिथे नोकरी करता किंवा पूर्वी कधी करत होता, त्या कंपनीच्या संगणकांत कुणीतरी शिरलं. आपली 'काही वैयक्तिक माहिती' बाहेर गेली असण्याची शक्यता आहे. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. खाली एक कोड, आणि एक-दोन वर्षं क्रेडिट मॉनिटरिंग फुकट.

असं पत्र पाठवणं कंपनीला बंधनकारक आहे. कॅलिफोर्नियात हा कायदा २००३ साली लागू झाला आणि एकेक करत २०१८ पर्यंत पन्नासही राज्यांनी आपापला कायदा केला. पण कायदा पत्र पाठवायला लावतो. पुढचं निस्तरणं ज्याच्या नावाने पत्र आलं त्याचं. आपली मंडळी तो कोड टाकून मॉनिटरिंग सुरू करतात आणि विषय मिटला असं समजतात. माझं म्हणणं एवढंच आहे की विषय तिथे मिटत नाही. क्रेडिट मॉनिटरिंग तुमच्या नावावर कुणी कर्ज काढतंय का, कार्ड घेतंय का, एवढंच बघतं. टॅक्सचा चोर कर्ज काढतच नाही. तो तुमच्या आधी तुमचं टॅक्स रिटर्न भरतो, खोटा रिफंड दाखवतो आणि तो स्वतःच्या खात्यात किंवा प्रीपेड कार्डावर मागवतो. क्रेडिट ब्युरोच्या वाटेला तो जातच नाही, त्यामुळे मॉनिटरिंगवाल्यांना त्याचा पत्ताही लागत नाही.

हे सगळं शक्य होतं ते सोशल सिक्युरिटी नंबरमुळे. हा नंबर १९३६ साली निघाला तो पेन्शनच्या हिशेबासाठी. १९४६ ते १९७२ या काळातल्या कार्डांवर तर 'ओळखपत्र म्हणून वापरण्यासाठी नाही' असं छापलेलंच असे. पण १९६२ पासून टॅक्स खात्याने, म्हणजे आयआरएसने, तोच नंबर धरला आणि मग बँक, घरमालक, हॉस्पिटल, सगळ्यांनीच. पासवर्ड बदलता येतो, हा नंबर सहसा बदलत नाहीत. एकदा बाहेर गेला की गेला.

आणि नोकरीच्या ठिकाणाहून जी माहिती जाते ती सगळ्यात वाईट, कारण तिथे डब्ल्यू-२ असतो. भारतातल्या नातेवाइकांसाठी सांगायचं तर हा आपल्या फॉर्म १६चा भाऊ. नाव, पत्ता, सोशल सिक्युरिटी नंबर, वर्षभराचा पगार, कापलेला टॅक्स, कंपनीचा नंबर, सगळं एका कागदावर. चोराला खरं वाटेल असं रिटर्न भरायला आणखी काही लागत नाही. २०१६ आणि २०१७ मध्ये तर हॅकिंगचीही गरज पडली नाही. एचआर किंवा पेरोलमधल्या माणसाला कंपनीच्या सीईओच्या नावाने ईमेल यायचा, 'सगळ्या कर्मचाऱ्यांचे डब्ल्यू-२ एका पीडीएफमध्ये लगेच पाठव.' साहेबांचा निरोप, तोही घाईचा. बिचारा पाठवून मोकळा. आयआरएसने तेव्हा जाहीर इशारे दिले होते. २०१७ च्या हंगामात दोनशेहून अधिक कंपन्या आणि संस्था या एकाच युक्तीला फसल्या. त्यांत शाळा होत्या, हॉस्पिटलं होती.

आमच्या घरी हे २०२४ च्या फेब्रुवारीत घडलं. नवऱ्याच्या तीन वर्षांपूर्वी सोडलेल्या कंपनीचं असं पाकीट आदल्या उन्हाळ्यात येऊन गेलं होतं. त्यानंतर आम्ही तिन्ही क्रेडिट ब्युरोंकडे फ्रीझ लावून घेतलं. २०१८ पासून ते फुकट आहे. फेब्रुवारीत नेहमीप्रमाणे रिटर्न ई-फाइल केलं आणि थोड्याच वेळात ते नाकारल्याचा निरोप आला. कारण? या सोशल सिक्युरिटी नंबरचं रिटर्न या वर्षासाठी आधीच आलेलं आहे. नंबर गेला होता एकट्या नवऱ्याचा, पण आमचं रिटर्न जॉइंट, म्हणजे माझ्या पगारातून कापलेला टॅक्सही त्यात अडकला. साडेचार हजार डॉलरचा रिफंड यायचा होता. त्यावर उन्हाळ्यातली भारताची तिकिटं ठरली होती.

साताऱ्याला सासूबाईंना फोनवर सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "अगं, म्हणजे कर आपण भरला, आणि परतावा चोराने मागितला? आणि सरकारला दोघांतला फरक कळेना?" एवढ्या नेमक्या शब्दांत मला ते अजूनही सांगता आलेलं नाही. मग त्यांचा पुढचा प्रश्न, पोलिसांत गेलात का. इथे पहिलं दार पोलिसांचं नाही. केंद्र सरकारच्या एफटीसीची ओळखचोरीची तक्रार नोंदवण्याची वेबसाइट आहे, ती तक्रार करून छापून ठेवायची. आणि आयआरएससाठी फॉर्म १४०३९. ते ओळखचोरीचं प्रतिज्ञापत्र. ई-फाइलचं दार बंद झालेलं असल्यामुळे आम्ही रिटर्न कागदावर छापलं, सह्या केल्या, मागे हा फॉर्म जोडला आणि पोस्टात जाऊन सर्टिफाइड मेलने, पोच घेऊन पाठवलं. न्यू जर्सी राज्याला वेगळं कळवलं. राज्याचं टॅक्स खातं स्वतंत्र असतं आणि चोर अनेकदा दोन्हीकडे हात मारतात. ज्यांना रिफंड नाही, उलट टॅक्स भरायचा आहे, त्यांनी हा गोंधळ चालू असला तरी १५ एप्रिलपर्यंत पैसे भरायचेच. दंड आणि व्याज चोराच्या नावावर लागत नाही.

मग वाट बघणं. पोचेचं पत्र आलं, त्यानंतर कित्येक महिने शांतता. फोन केला की तासभर संगीत, आणि शेवटी एक भला माणूस सांगणार की केस रांगेत आहे. आमचीच केस मागे पडली असंही नव्हतं. आयआरएसच्याच आत करदात्यांची बाजू मांडणारं जे कार्यालय आहे, टॅक्सपेयर अ‍ॅडव्होकेट, त्यांनी २०२४ मध्ये संसदेला दिलेल्या अहवालात म्हटलं होतं की ओळखचोरीची केस मिटायला सरासरी जवळजवळ बावीस महिने लागतात आणि सुमारे पाच लाख केसेस पडून आहेत. घरभाडं थकलंय, औषधपाणी अडलंय अशी खरीच अडचण असेल तर या कार्यालयाकडे फॉर्म ९११ भरून मदत मागता येते. आमची तशी नव्हती, म्हणून आम्ही त्या रांगेत घुसलो नाही.

आमची अडचण वेगळीच निघाली. सासू-सासऱ्यांच्या ग्रीन कार्डाची फाइल चालू होती. मुलगा आईवडिलांना बोलावतो तेव्हा त्याला त्यांच्या खर्चाची हमी द्यावी लागते, फॉर्म आय-८६४, आणि सोबत शेवटच्या वर्षाच्या टॅक्सचा पुरावा. बहुतेक जण आयआरएसचं ट्रान्सक्रिप्ट जोडतात. आम्ही ते काढलं तर त्यात नवरा अविवाहित, आणि पत्ताही भलताच! लग्नाला तेरा वर्षं झालेल्या माणसाला सरकारी कागदावर अविवाहित बघून मला हसू आलं, त्याला आलं नाही. वकीलबाईंनी मार्ग सांगितला. ट्रान्सक्रिप्टच हवं असं नाही, स्वतः भरलेल्या रिटर्नची प्रत डब्ल्यू-२ सकट चालते; तिच्यासोबत एफटीसीची तक्रार, फॉर्म १४०३९ ची प्रत आणि घडलेलं सांगणारं एक पानभर पत्र लावा. तसं केलं आणि फाइल पुढे सरकली. एच-१बीवर असलेल्या अनेकांच्या मनात भीती असते की आपण तक्रार केली तर आपल्याच नावावर काहीतरी काळं लागेल, व्हिसा अडेल. म्हणून गप्प बसतात. पण तुमच्या नावाने खोटं रिटर्न जमा झालेलं असताना गप्प बसलात, तर सरकारी दप्तरात ते तुमचंच रिटर्न ठरतं. तक्रारीचा कागद आपल्या बाजूने बोलतो.

फॉर्म ४५०६-एफ नावाचा आणखी एक कागद आहे. तो भरला की चोराने भरलेल्या रिटर्नची प्रत, काही भाग झाकून, आपल्याला मिळते. आम्ही मागवली. पगाराचा आकडा नवऱ्याच्या जुन्या कंपनीतल्या शेवटच्या वर्षाचा होता, सेंटपर्यंत तोच. कुठून गेलं याची शंकाच उरली नाही. त्या कंपनीला कळवलं, त्यांनी फुकट मॉनिटरिंग आणखी एका वर्षाने वाढवून दिलं.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं ते. आयआरएसचा आयपी पिन नावाचा सहा आकडी नंबर असतो. तो घेतला की त्याच्याशिवाय तुमच्या सोशल सिक्युरिटी नंबरचं रिटर्न ई-फाइल होऊच शकत नाही, आणि कागदावर आलं तर खातं ते अधिक तपासून बघतं. पूर्वी हा फक्त चोरी झालेल्यांना आणि काही ठरावीक राज्यांतल्या लोकांना मिळे. जानेवारी २०२१ पासून ओळख पटवू शकणाऱ्या कुणालाही मिळतो. चोरी होण्याआधीही मिळतो, आणि खरा उपयोग तेव्हाच. पैसे पडत नाहीत. आयआरएसच्या वेबसाइटवर खातं उघडायचं, ओळखपत्र आणि सेल्फी देऊन ओळख पटवायची, नंबर समोर येतो. दरवर्षी जानेवारीत नवा मिळतो. ई-फाइल करताना सही म्हणून आपण जो पाच आकडी पिन टाकतो तो हा नव्हे. आमच्या मंडळातल्या निम्म्या लोकांना 'आमच्याकडे आहे की' असं वाटत होतं ते त्या पाच आकडी पिनमुळे.

नवरा-बायकोला वेगवेगळा घ्यावा लागतो. एच-४ वर असलेल्या जोडीदाराकडे सोशल सिक्युरिटीऐवजी आयटीआयएन असतो, त्यालाही मिळतो. मुलांचे नंबरही चोरीला जातात, आणि त्यांच्या नावाने कुणी सवलत घेतली की आपलं रिटर्न परत येतं. लहान मुलांसाठी ऑनलाइन सोय नाही. अर्ज भरून किंवा आयआरएसच्या कार्यालयात वेळ घेऊन जावं लागतं. आम्ही मुलीसाठी गेलो, पाऊण तासात काम झालं. टॅक्स भरून देणारे आपले देशी सीपीए हे आपणहून सांगतीलच असं नाही. आमच्याकडे पिन आला तेव्हा सीपीएने 'हे कशाला आणखी' अशा सुरात विचारलं. हा नंबर त्यांच्याशिवाय कुणालाही द्यायचा नाही, आणि त्यांनाही रिटर्न भरताना.

पत्त्याचं तेवढं बघा. आपण लोक दर दोन वर्षांनी अपार्टमेंट बदलतो, आणि आयआरएसची महत्त्वाची पत्रं जुन्या पत्त्यावर जात राहतात. फॉर्म ८८२२ भरून पत्ता बदलता येतो. एखाद्या रिटर्नचा आयआरएसला स्वतःलाच संशय आला तर ते रिटर्न अडवून ठेवतात आणि ५०७१सी नावाचं पत्र पाठवतात: हे तुम्हीच भरलंय का? ते पत्र म्हणजे तुमचं नशीबच. उत्तर द्यायला साधारण तीस दिवस मिळतात, आणि तेव्हा तुम्ही नेमके पुण्यात लग्नाला गेलेले असता.

पत्र यायच्या आधीच कुणी 'आयआरएसमधून बोलतोय' म्हणून फोन केला, अटकेची धमकी दिली, गिफ्ट कार्डावर पैसे मागितले, तर फोन ठेवून द्या. आपल्याला हे वेगळं सांगायची गरज नसावी, कारण त्यातले काही फोन आपल्याच मुंबईजवळून जात होते. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर छापे घातले, शेकडो तरुणांना ताब्यात घेऊन चौकशी केली. आयआरएसचे अधिकारी असल्याचं सांगून ते अमेरिकेतल्या लोकांना लुबाडत होते.

तिकडच्या मंडळींनीही थोडं बघून घ्यावं. भाड्याच्या फ्लॅटसाठी, सिमसाठी, एजंटासाठी पॅन कार्डाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर कुणालाही पाठवायची आपल्याकडे पद्धतच आहे. प्राप्तिकर खात्याच्या पोर्टलवर २०२१ पासून एआयएस नावाचं विवरण मिळतं. आपल्या पॅनवर वर्षभरात कुठे काय व्यवहार नोंदले गेले ते त्यात दिसतं, आणि आपला नसलेला व्यवहार 'माझा नाही' म्हणून तिथेच कळवता येतो. इथून एनआरओ खातं चालवणाऱ्यांनी आणि तिकडे आईवडिलांनी, दोघांनीही वर्षातून एकदा ते उघडावं.

आमचा रिफंड गेल्या वर्षी सप्टेंबरात आला, एकोणीस महिन्यांनी. उशिराबद्दल आयआरएसने व्याजही दिलं, २०२४ साठी आठ टक्के आणि २०२५ साठी सात टक्के दराने. सासऱ्यांनी फोनवरच हिशेब केला आणि म्हणाले, "आमच्या बँकेतल्या एफडीपेक्षा बरं मिळालं की!" त्या व्याजावर आता टॅक्स लागणार आहे, हे त्यांना अजून सांगितलेलं नाही.