कपिलधारची वाट आणि दुखऱ्या पोटऱ्या

कार्तिकी पौर्णिमेला संत मन्मथस्वामींच्या समाधीच्या दर्शनासाठी मराठवाड्यातून पायी दिंड्या कपिलधारला येतात. मांजरसुंब्याजवळ बालाघाटाच्या डोंगरात चढउतार करून पोचलेल्याच्या पोटऱ्या दुसऱ्या दिवशी बोलू लागतात. ‘लॅक्टिक आम्ल साचलं,’ असं आपण ठोकून देतो. बिचारं आम्ल!

तीन कार्बन अणूंचा हा सेंद्रिय रेणू रसायनशास्त्रज्ञ शेले यांनी १७८० मध्ये आंबलेल्या दुधातून वेगळा केला आणि १८०७ मध्ये बर्झेलियस यांना तो स्नायूंत सापडला. श्रमाच्या वेळी शरीरात तो मुख्यतः लॅक्टेट या रूपात असतो. हे लॅक्टेट हृदय आणि इतर स्नायू इंधन म्हणून जाळतात. थांबल्यावर तासा-दीड तासात रक्तातली पातळी पूर्ववत होते, मग उद्याच्या ठणक्याचा आळ त्याच्यावर कसा? सवय नसलेल्या श्रमात, विशेषतः उतारावर, पायांचे स्नायू ताणले जात असतानाच जोर लावतात. त्यात सूक्ष्म इजा होतात, दाह येतो. ठणका एक ते तीन दिवसांत शिगेला पोचतो.

कपिलधारच्याच बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्याचा, सैन्यात घडलेला अविनाश साबळे स्टीपलचेस या अडथळ्यांच्या शर्यतीत ८ मिनिटे ९.९१ सेकंदांपर्यंत पोचला तो वर्षानुवर्षांच्या सरावाने. सराव हळूहळू वाढवला तर स्नायू असा मार सोसायला शिकतात.

पाऊल मात्र वेगळं. तिथे एकाच जागी बोट ठेवल्यावर कळ येत असेल, चालताना ती वाढत असेल, तर हाडाला बारीक तडा असू शकतो. प्रशियन लष्करी डॉक्टर ब्राइटहाउप्ट यांनी १८५५ मध्ये सैनिकांची अशी सुजलेली पावलं नोंदवली होती. तिथे मालीश नको. विश्रांती आणि डॉक्टर हवेत.