शीतनयंत्र आणि हवेतील पाणी

वातानुकूलन यंत्र ‘थंडी निर्माण करते’ असे व्यवहारात म्हटले जाते. थंडी नावाची स्वतंत्र वस्तू नसल्याने हे विधान शास्त्रदृष्ट्या टिकत नाही, हे प्रस्तुत वाचकवर्गास सांगावयास नकोच. परंतु दुसरा एक समज अभ्यासकांतही आढळतो आणि त्याची चिकित्सा सहसा होत नाही. या यंत्राचे मुख्य कार्य हवेचे तापमान उतरविणे हे होय, असा तो समज. नागपुरात मे महिन्यात तो बव्हंशी खरा ठरतो. मुंबईत किंवा पणजीत मात्र बाहेरून घेतलेल्या हवेपुरते पाहिले, तर यंत्राचे बहुतेक श्रम हवेतील पाणी काढण्यात खर्च होतात. इतकेच नव्हे, तर यंत्राने किती खालच्या तापमानावर काम करावयाचे हेही ते पाणीच ठरविते. या दुसऱ्या गोष्टीचे परिणाम पहिलीपेक्षा दूरगामी आहेत.

प्रथम यंत्राकडे पाहू. मोठ्या इमारतींतील चिलर असो की खिडकीतला एसी, दोहोंचे चक्र एकच आहे. कमी दाबाखाली प्रशीतक द्रव उकळतो आणि उकळण्यासाठी लागणारी सुप्त उष्णता भोवतालच्या हवेतून वा पाण्यातून घेतो. तयार झालेली वाफ संपीडक, म्हणजे कारागिरांच्या बोलीतील कॉम्प्रेसर, जास्त दाबाखाली दाबतो. त्या दाबास वाफेचे संघनन-तापमान बाहेरच्या हवेहून अधिक असते, म्हणून ती संघनकात आपली उष्णता बाहेर टाकून पुन्हा द्रवरूप होते. आणि प्रसरण झडपेतून दाब उतरला की चक्र पूर्ण होते. इथर निर्वातात उकळवून थंडावा मिळतो हे विल्यम कलन याने अठराव्या शतकाच्या मध्यास दाखविले होते. वाफ वाया न घालविता दाबून पुन्हा वापरण्याच्या यंत्राचे एकस्व जेकब पर्किन्स याने १८३४ मध्ये इंग्लंडमध्ये घेतले. त्यानंतर मूळ कल्पना बदललेली नाही.

चिलरांत दीर्घकाळ वापरात असलेल्या आर-१३४ए या प्रशीतकाचे उदाहरण घेऊ. ५° सेल्सिअसला त्याचा बाष्पदाब सुमारे ३.५ बार, तर ४५° सेल्सिअसला सुमारे ११.६ बार असतो. या दोन मर्यादांत आदर्श चक्र चालविल्यास प्रत्येक किलोग्रॅम प्रशीतक बाष्पकात सुमारे १३८ किलोजूल उष्णता उचलतो आणि संपीडकास त्यासाठी सुमारे २४ किलोजूल कार्य करावे लागते. येथे एक बारकावा ध्यानात घेण्यासारखा आहे. ५° सेल्सिअसला या द्रवाची सुप्त उष्णता किलोग्रॅममागे सुमारे १९५ किलोजूल असते. मग हाती १३८ च का लागतात? कारण ४५° चा द्रव झडपेतून जाताना स्वतःला ५° पर्यंत थंड करून घेतो आणि त्यातच त्याचा तीन दशांशांच्या आसपास भाग उकळून जातो. झडप स्वस्त आणि निर्दोष दिसते खरी, परंतु चक्रातील अप्रतिवर्तनीयतेचा मोठा वाटा तिच्यात दडलेला असतो.

क्षमतेचे एकक ‘टन’ हे बर्फाच्या व्यापाराचे अवशेष आहे. दोन हजार पौंड बर्फ चोवीस तासांत वितळताना ज्या गतीने उष्णता शोषून घेतो ती गती म्हणजे एक टन, अर्थात सुमारे ३.५२ किलोवॅट. मॅसॅच्युसेट्समधील तळ्यांचा बर्फ जहाजाने १८३३ मध्ये कलकत्त्यास पोचला होता आणि पुढे मुंबईतही उतरू लागला. तो बर्फ इतिहासजमा झाला, एकक मात्र राहिले.

आता खर्चाचा प्रश्न. कार्नोच्या १८२४ मधील विवेचनापासून निष्पन्न होणारी मर्यादा अशी की, एक एकक कार्याच्या मोबदल्यात उचलता येणारी कमाल उष्णता म्हणजे बाष्पकाचे निरपेक्ष तापमान भागिले दोन तापमानांतील अंतर. वरील उदाहरणात २७८ भागिले ४०, म्हणजे सुमारे ७. प्रत्यक्ष यंत्रे याच्या बरीच खाली राहतात. परंतु तापमानांतील हे अंतर, ज्यास ‘चढ’ म्हणता येईल, वाढले की खर्च वाढतो हा नियम प्रत्येक यंत्रास लागू पडतो. विहीर जितकी खोल तितके पाणी शेंदणे कष्टाचे, तसेच हे. चढाचे वरचे टोक हवामान ठरविते. त्यावर आपला इलाज थोडा. खालचे टोक कोण ठरविते?

खोली २४° वर ठेवावयाची असेल तर बाष्पक १५° किंवा १६° वर असला तरी उष्णता वाहण्यास पुरेसे अंतर मिळते. मग चिलरमध्ये पाणी ७° पर्यंत आणि प्रशीतक ५° पर्यंत का उतरवावा लागतो? उत्तर दवबिंदूत आहे. २४° तापमान आणि ५० टक्के सापेक्ष आर्द्रता असलेल्या हवेचा दवबिंदू सुमारे १३° असतो. हवेतील पाणी गाळून काढावयाचे तर नळ्यांचा पृष्ठभाग त्याहून बराच थंड हवा. अर्थात ७° चे पाणी आपण खोली थंड करण्यासाठी तितकेसे वापरत नाही. ते हवा पिळून काढण्यासाठी वापरतो.

हे पाणी किती असते, याचे गणित उद्बोधक आहे. मुंबईच्या दमट दिवसातील हवा ३२° आणि ७५ टक्के आर्द्रतेची धरली, तर प्रत्येक किलोग्रॅम कोरड्या हवेबरोबर सुमारे २२.७ ग्रॅम बाष्प असते. २४° आणि ५० टक्के आर्द्रतेच्या हवेत ते ९.३ ग्रॅम असते. मधले १३.४ ग्रॅम द्रवरूप करण्यासाठी सुमारे ३३ किलोजूल उष्णता काढावी लागते. उलट तापमान आठ अंशांनी उतरविण्यास सुमारे ८ किलोजूल पुरतात. चार भाग पाण्याचे, एक भाग तापमानाचा! एखाद्या सभागृहात सेकंदास एक घनमीटर ताजी हवा घेतली जात असेल, तर तासाला सुमारे ५४ लिटर पाणी काढावे लागेल आणि केवळ त्यासाठी दहा टनांहून अधिक क्षमता राबेल.

याउलट नागपूरची मे महिन्यातील ४४° आणि १५ टक्के आर्द्रतेची हवा घ्या. तिच्यातील बाष्प किलोग्रॅममागे सुमारे ८.५ ग्रॅम, म्हणजे इष्ट प्रमाणाहूनही कमी. तिच्या ओल्या कंदाचे तापमान सुमारे २३° येते. म्हणून वाळ्याचे पडदे आणि पाण्याचे कूलर विदर्भात उत्तम काम देतात. मुंबईच्या वरील हवेत हेच तापमान २८° च्या पुढे राहते आणि कूलर ओलाव्यात भरच घालतो. अंगाची लाही करणारी नागपूरची हवा यंत्राला सोपी आणि सौम्य भासणारी मुंबईची हवा कठीण, हा विरोधाभास केवळ तापमापक पाहणाऱ्यास उमगणार नाही.

विलिस कॅरियर याने १९०२ मध्ये न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन येथे जी योजना आखली ती मुळात माणसांच्या सुखासाठी नव्हतीच. तेथील छापखान्यात दमट हवेने कागद फुगे आणि एकावर एक छापावयाचे रंग जुळत नसत. त्याला आर्द्रता स्थिर ठेवावयाची होती. आधुनिक वातानुकूलनाचा आरंभ असा पाण्यापासून झाला. पुढे घरगुती यंत्रांवर तापमानाची कळ तेवढी उरली आणि पाणी विस्मरणात गेले.

या विस्मरणाची किंमत कशी पडते ते पाहण्यासारखे आहे. घरगुती यंत्राचा नियंत्रक तापमान पाहतो, आर्द्रता सहसा पाहत नाही. खोलीच्या मानाने मोठे यंत्र बसविले तर ते तापमान झटकन उतरवून थांबते. नळ्यांवर जमलेले पाणी निथळण्यास अवधी मिळत नाही आणि पंखा चालू राहिल्यास त्यातील काही पुन्हा हवेत मिसळते. खोली थंड परंतु दमट राहते. मग अस्वस्थ झालेला मनुष्य तापमान आणखी खाली नेतो. भारतात जानेवारी २०२० पासून तारांकित यंत्रांत २४° हे आरंभीचे तापमान ठरवून दिले गेले. धोरण योग्यच, परंतु ७० टक्के आर्द्रतेत २४° सुखद वाटत नाही आणि तेथे हात कळीकडे जातोच.

गती बदलणारी इन्व्हर्टर यंत्रे मंद चालताना बाष्पकाचे तापमान थोडे वर ठेवतात. चढ घटतो, वीज वाचते. पण पाणीही कमी निघते. तारांकनाच्या चाचणीत खोलीतील हवा २७° आणि ओल्या कंदाचे तापमान १९° धरलेले असते, म्हणजे आर्द्रता निम्म्याहून थोडी कमी. तारांवरून यंत्र वीज किती घेते ते समजते. श्रावणातल्या दमट संध्याकाळी ते हवा किती कोरडी करील याचा बोध त्यावरून होत नाही. माझ्या मते किनारपट्टीसाठी हा मोठा उणेपणा आहे. प्रशीतकांचा प्रश्न वेगळा. आर-१३४ए सारखे वायू क्रमाने कमी करण्याचे किगाली येथे २०१६ मध्ये ठरले आणि भारताने २०२१ मध्ये त्यास मान्यता दिली. परंतु प्रशीतक कोणताही आला तरी दवबिंदू तोच राहणार.

तर्कतः मार्ग सरळ दिसतो: पाणी एका साधनाने काढावे, तापमान दुसऱ्याने उतरवावे. हवा आधीच कोरडी असेल तर १५° चे पाणी पुरेल आणि बाष्पक १३° वर चालेल. कार्नोची मर्यादा ७ वरून ९ च्या जवळ जाईल. ओलावा टिपण्यासाठी सिलिका जेल किंवा लिथियम क्लोराइडचे द्रावण उपलब्ध आहे. परंतु ऊष्मागतिकी येथेही फुकट काही देत नाही. शोषकाने बाष्प घेतले की त्याची सुप्त उष्णता प्रकट होते. मुंबईच्या वरील हवेतील १३.४ ग्रॅम असे टिपले तर ती ६५° च्या आसपास तापेल. त्यातील बरीचशी उष्णता शीतनमनोऱ्याच्या साध्या पाण्याने काढता येते, हा लाभ खरा. अडचण उरते ती शोषक पुन्हा कोरडा करण्याची. त्यासाठी सिलिका जेलला साधारणतः ६०° ते ८०° ची उष्णता द्यावी लागते आणि ४५° च्या संघनकातून ती मिळत नाही. कारखान्यातील वाया जाणारी उष्णता जवळ असेल तर प्रश्न सुटतो. सूर्याकडून ती घ्यावी असे अनेकदा सुचविले जाते. पण कोकणात हवा सर्वांत ओली असते ती नेमकी जून ते सप्टेंबर, जेव्हा सूर्य ढगांआड असतो.