आकडा कंपनीचा, आळ ड्रायव्हरवर!

आमच्या वस्त्यांत, चाळींत आणि कॉलन्यांत आता दुचाकीच्या शेजारी चारचाकीही उभी दिसू लागली आहे. कुणी निवृत्तीच्या पैशातून, कुणी बँकेचे कर्ज काढून, तर कुणी दोघा भावांत मिळून सेकंडहॅण्ड गाडी घेतली आहे. ही गाडी मिरवण्यासाठी नसते. म्हाताऱ्या आई-वडिलांना दवाखान्यात न्यायचे, लेकीला परीक्षेच्या केंद्रावर वेळेत पोचवायचे, गावाकडच्या लग्नाला पाच जणांनी एकत्र जायचे, यासाठी ती घेतलेली असते. ही आनंदाचीच गोष्ट आहे. परंतु गाडी दारात आल्यानंतर दोन-तीन महिन्यांत घरोघरी एकच तक्रार ऐकू येते. "कंपनी म्हणते वीसचा ॲव्हरेज देईल, आमची तर तेरासुद्धा देत नाही!"

या तक्रारीला दुसरीही एक बाजू आहे आणि ती अधिक कडवट आहे. आमचे कितीतरी बांधव दुसऱ्याच्या गाडीवर पगारी ड्रायव्हर आहेत. मालक कंपनीच्या कागदावरचा आकडा वाचतो, पंपाच्या पावत्या पाहतो आणि हिशेब मांडतो. समजा महिन्यात गाडी १,२०० किलोमीटर चालली. वीसच्या हिशेबाने ६० लिटर पेट्रोल लागायला हवे होते, लागले मात्र ९२ लिटर. मग वरचे ३२ लिटर गेले कुठे? संशय लगेच ड्रायव्हरवर जातो. कुणाच्या पगारातून पैसे कापले जातात, कुणाला कामावरून कमी केले जाते. आयुष्यभर इमानाने चाकावर बसलेल्या माणसाला चोर ठरवले जाते. खरे पाहता ते पेट्रोल गाडीनेच जाळलेले असते. म्हणून हा हिशेब आज आम्ही वाचकांपुढे नीट मांडत आहोत. गाडी घेणाऱ्याने तो समजून घ्यावा आणि गाडी चालवणाऱ्याने तर पाठच करावा.

आकडा येतो कुठून?

प्रत्येक नव्या गाडीची सरकारमान्य संस्थेत चाचणी होते. त्यातली सर्वांना ठाऊक असलेली संस्था आपल्या पुण्यातच आहे. १९६६ साली स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, म्हणजेच ए.आर.ए.आय. तिथे गाडी रस्त्यावर नेत नाहीत. बंद खोलीत तिची चाके फिरत्या रुळांवर ठेवतात आणि ठरवून दिलेल्या वेगाने ती चालवतात. ही चाचणी सुमारे वीस मिनिटांची असते आणि तेवढ्या वेळात गाडी जेमतेम साडेदहा-अकरा किलोमीटर धावते. वेग ताशी ९० च्या वर जात नाही. गाडी सावकाश वेग घेते, सावकाश थांबते. एसी बंद असतो. खड्डा नाही, घाट नाही, समोरून वारा नाही, मागच्या सीटवर मामा-मामी नाहीत. नळीतून बाहेर पडणारा धूर गोळा करून त्यातल्या कार्बनवरून किती इंधन जळाले याचे गणित करतात.

म्हणजे हा आकडा खोटा नव्हे. सर्व गाड्या एकाच तराजूत तोलता याव्यात म्हणून तो असतो. दोन गाड्यांपैकी कुठली कमी पिणारी, हे त्यावरून कळते. आपल्या गल्लीत गाडी किती देईल, हे मात्र त्यावरून कळत नाही.

ही अडचण आपल्याच देशाची आहे असे नाही. आपली चाचणी युरोपच्या ज्या जुन्या चाचणीवर बेतलेली आहे, तिथेही हेच घडले. आंतरराष्ट्रीय स्वच्छ वाहतूक परिषद, म्हणजे आय.सी.सी.टी. या संस्थेने हजारो गाड्यांच्या नोंदी तपासल्या. प्रयोगशाळेतला आकडा आणि रस्त्यावरचा खर्च यांत २००१ साली सुमारे ९ टक्के तफावत होती, ती २०१५ पर्यंत ४२ टक्क्यांवर गेली. अखेर २०१७ पासून युरोपने जुनी चाचणी बाजूला ठेवून अधिक कडक चाचणी आणली.

एकाच नावाच्या गाडीचे चार आकडे

क्रॉसओव्हर म्हणजे मोटारीच्याच सांगाड्यावर बांधलेली, जमिनीपासून उंच, पाच माणसांची गाडी. लोक तिला सरसकट एसयूव्ही म्हणतात. आपल्याकडे फार दिसणारे तिचे उदाहरण म्हणजे मारुती सुझुकीची ब्रेझा. तिच्यावरून ही गोष्ट चांगली समजते.

२०१६ साली ही गाडी आली ती फक्त डिझेलवर आणि जाहीर आकडा होता लिटरला २४.३ किलोमीटर. २०२० साली डिझेल बंद झाले आणि दीड लिटरचे पेट्रोल इंजिन आले. त्याच्या हाताने गिअर टाकायच्या गाडीचा आकडा १७.०३ होता. २०२२ साली नवी ब्रेझा आली, तेव्हा तो २०.१५ झाला. त्यात छोट्या बॅटरीची जोड होती. गाडी सिग्नलला थांबली की इंजिन आपोआप बंद होई आणि निघताना बॅटरी थोडा हातभार लावी. २०२३ च्या मध्यावर हाताने गिअर टाकायच्या गाडीतून ही जोड काढण्यात आली, तर आकडा १७.३८ वर उतरला. पुढे वरच्या किमतीच्या प्रकारांत ती जोड परत आली.

सेकंडहॅण्ड गाडी पाहायला गेल्यावर दलाल म्हणतो, "ब्रेझा आहे साहेब, चोवीस देते." तो चोवीस कुठल्या ब्रेझाचा, हे विचारणे तुमचे काम आहे. आर.सी. बुकावर इंधन कोणते आणि गाडी कुठल्या वर्षाची, ते आधी वाचा. नाव एकच असले तरी इंजिन एक नसते.

पेट्रोल कुठे जाते?

पहिले कारण म्हणजे थांबणे. गाडी उभी असली आणि इंजिन चालू असले की अंतर शून्य आणि खर्च चालू. अशा गाडीचे इंजिन एका तासात अर्ध्या लिटरपासून एक लिटरपर्यंत पेट्रोल जाळते. एसी लावला तर आणखी. रोज पाऊण तास सिग्नल आणि वाहतूक कोंडीत गेला, तर महिन्याला कितीतरी लिटर जागच्या जागी संपतात.

दुसरे कारण म्हणजे छोट्या फेऱ्या. सकाळी थंड इंजिन जास्त पेट्रोल मागते. शाळा दोन किलोमीटरवर, बाजार दीड किलोमीटरवर अशाच फेऱ्या असतील, तर इंजिन तापण्याआधीच गाडी बंद होते.

तिसरे कारण वारा. गाडी उंच आणि रुंद, म्हणून तिला जास्त हवा कापावी लागते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ८० वरून १०० वर गेलात तर वेग सव्वापट होतो, हवेचा विरोध मात्र दीडपटीहून जास्त होतो. टपावर कॅरिअर लावून सामान बांधले की त्यात आणखी भर पडते.

चौथे कारण पाय. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या म्हणण्याप्रमाणे हिसके देत, दाबून गाडी चालवली तर महामार्गावर १५ ते ३० टक्के आणि शहरात १० ते ४० टक्क्यांपर्यंत ॲव्हरेज घटतो. कडक उन्हात एसीमुळे, विशेषतः छोट्या फेऱ्यांत, चौथ्या हिश्श्याहूनही अधिक घट येऊ शकते. गाडीत ४५ किलो जादा वजन असले तर सुमारे एक टक्का जातो. टायरमधली हवा कमी असेल तर थोडे त्यात जाते आणि टायर लवकर झिजतो ते वेगळेच.

पाचवे कारण नवे आहे. २०२५ सालापर्यंत देशभरातल्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळणे सुरू झाले. इथेनॉलच्या एका लिटरात पेट्रोलच्या मानाने सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. जुन्या चारचाकी गाड्यांचा ॲव्हरेज यामुळे ६ ते ७ टक्क्यांनी उतरू शकतो, असे नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच म्हटले होते. नव्या मिश्रणासाठी जुळवलेल्या गाड्यांत ही घट कमी, म्हणजे एक-दोन टक्के सांगितली आहे. चौदा देणारी जुनी गाडी तेरावर आली, तर त्यात ड्रायव्हरचा काय दोष?

ही सारी कारणे एकत्र आली की दीड लिटर पेट्रोलची अशी गाडी शहराच्या गर्दीत बारा-तेरा आणि मोकळ्या रस्त्यावर सोळा-सतरा देते. तेवढा ॲव्हरेज पडला तर गाडी बिघडली असे समजू नये.

घरच्या घरी खरा ॲव्हरेज काढा

डॅशबोर्डवरचा आकडा बरेचदा थोडा जास्तच दाखवतो. त्यापेक्षा एक वही घाला. पंपावर टाकी फुल्ल करा. नोझल आपोआप बंद झाले की थांबा, वरून धार सोडायला लावू नका. किलोमीटर लिहून ठेवा. पुन्हा भराल तेव्हा तसेच फुल्ल करा आणि किती लिटर बसले ते पावतीवरून लिहा.

दर वेळी टाकी फुल्ल करणे आपल्याला परवडत नाही, हे आम्हांला ठाऊक आहे. त्याची गरजही नाही. सुरुवातीला एकदा आणि महिन्याच्या शेवटी एकदा फुल्ल करा. मध्ये पाचशे-पाचशेचे भरले तरी चालेल, फक्त प्रत्येक पावतीवरचे लिटर लिहा. पहिल्या फुल्लनंतर भरलेले सगळे लिटर बेरीज करा, शेवटचेही त्यात धरा आणि तेवढ्या काळात धावलेल्या किलोमीटरना त्या बेरजेने भागा.

एक उदाहरण घेऊ. पहिल्यांदा ४४६ किलोमीटरला ३३.५ लिटर, दुसऱ्यांदा ४०२ किलोमीटरला ३१ लिटर, तिसऱ्यांदा गावी जाऊन आल्यावर ५०८ किलोमीटरला ३३.५ लिटर. एकूण १,३५६ किलोमीटर, एकूण ९८ लिटर. ॲव्हरेज आला १३.८. हाच त्या घराचा खरा आकडा.

इथे एक चूक टाळा. शहरात दहा आणि महामार्गावर वीस मिळाला म्हणून सरासरी पंधरा धरू नका. दोन्हीकडे ३००-३०० किलोमीटर चाललात तर ३० अधिक १५, म्हणजे ४५ लिटर लागले. ६०० ला ४५ ने भागले की सुमारे १३.३ येतात. नेहमी एकूण किलोमीटरला एकूण लिटरने भागावे.

मापाबद्दल शंका आली तर पंपावर पाच लिटरचे प्रमाणित माप ठेवलेले असते. त्यात मोजून दाखवा म्हणण्याचा ग्राहकाला हक्क आहे. तो मागायला संकोच कसला?

हप्त्याच्या आधी हा हिशेब

लिटरला शंभर रुपये धरू, म्हणजे गणित सोपे जाईल. महिन्याला १,००० किलोमीटर चालणार असेल, तर वीसच्या ॲव्हरेजने ५,००० रुपये लागतात. चौदाच्या ॲव्हरेजने ७,१४० लागतात. फरक महिन्याला दोन हजारांहून अधिक आणि वर्षाला सुमारे २५,७०० रुपये. एका मुलाच्या क्लासची फी त्यात निघू शकते. म्हणून घरखर्च मांडताना जाहीर आकड्यातून एक तृतीयांश वजा करावा, असा आमचा सल्ला आहे. त्याहून बरा ॲव्हरेज मिळाला तर तेवढी बचत झाली.

सीएनजीची गाडी पाहत असाल तर किलो आणि लिटर यांची गल्लत करू नका. ब्रेझाच्या सीएनजी प्रकाराचा जाहीर आकडा किलोला २५.५१ किलोमीटर आहे. किलोचा भाव भागिले ॲव्हरेज, म्हणजे दर किलोमीटरला किती रुपये, तेवढेच पाहा. नवी गाडी सीएनजीवर घेताना मोजलेली जास्तीची किंमत किती किलोमीटरनंतर वसूल होईल, तेही काढा. डिकीत टाकी येते, सामानाची जागा जाते, याचाही विचार घरातल्या बायामाणसांना विचारून करावा. सामान त्याच भरतात!

ॲव्हरेज वाढवणारी गोळी, चुंबक, डबी असले काही घेऊ नका. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने अशी शंभरावर साधने तपासली, त्यांतली फारच थोडी कामाची निघाली. त्यापेक्षा टायरची हवा दर पंधरवड्याला तपासा, सर्व्हिसिंग वेळेवर करा, कॅरिअर काम नसेल तेव्हा उतरवून ठेवा, अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त थांबायचे असेल तर इंजिन बंद करा आणि समोरचा सिग्नल लाल दिसला की आधीच पाय उचला. सर्व्हिसिंग सोडले तर यात फारसा खर्च होत नाही.

आणि आमच्या ड्रायव्हर बांधवांना शेवटचे सांगणे. नव्या मालकाकडे कामाला लागलात की पहिल्याच आठवड्यात त्यांना सोबत घेऊन टाकी फुल्ल करा. आठ-दहा दिवसांनी पुन्हा त्यांच्यासमोर फुल्ल करा. जो ॲव्हरेज निघेल तो वहीत लिहून त्यावर दोघांच्या सह्या घ्या. पुढे दर महिन्याला तसेच करा. एसी किती चालला, गाडी दारात किती वेळ चालू उभी होती, हेही शेजारी लिहा. अवघड वाटत असेल तर दहावी-बारावीतल्या मुलाला किंवा मुलीला ही वही सांभाळायला सांगा. भागाकार त्यांना येतो. तोंडी वादात आवाज मालकाचा मोठा असतो, पण लिहिलेल्या हिशेबापुढे त्यालाही पावत्या काढून बसावे लागते. दहा-वीस रुपयांची वही आहे. पुढच्या वेळी पंपावर जाण्याआधी ती विकत घ्या.