पृथ्वी गोल की सपाट?

आमच्या चौथीच्या वर्गात भूगोलाच्या तासाला दोन पक्ष पडले. एक म्हणतो पृथ्वी गोल आहे, दुसरा म्हणतो सपाट आहे. बाईंनी कोणालाच गप्प बसवले नाही. त्या म्हणाल्या, "पुस्तकात लिहिलंय म्हणून गोल, हे उत्तर चालणार नाही. पुरावा द्या." म्हणून दोन्ही पक्षांचे म्हणणे मी इथे लिहीत आहे. वाचणाऱ्यांनी आणि आलेल्या पालकांनीही न्याय करावा.

सपाट पक्षाचे म्हणणे असे. आपले शेत भाकरीसारखे सपाट दिसते. तळ्यातले पाणी सपाट असते. पृथ्वी गोल असती तर खालच्या बाजूची माणसे पडली असती आणि समुद्र सांडला असता. अवकाशातून काढलेला फोटो दाखवाल, पण फोटो तर मोबाईलवर कसाही बदलता येतो!

हे म्हणणे हसण्यासारखे नाही. असा वाद मोठ्या माणसांनीही केलेला आहे. पुराणात पृथ्वी सपाट सांगितली आहे आणि ज्योतिषाच्या जुन्या सिद्धांतग्रंथांत गोल सांगितली आहे. मग खरे कोणते? भोपाळजवळ सिहोर येथे सुबाजी बापू नावाचे विद्वान होते. त्यांनी १८३६ साली या विषयावर मराठीत पुस्तक लिहिले आणि पृथ्वी गोल आहे हे लोकांना पटवून दिले.

पण त्याच्याही खूप आधी आपल्या महाराष्ट्रातल्या भास्कराचार्यांनी याचे उत्तर दिले होते. त्यांचा जन्म १११४ सालचा. ११५० साली त्यांनी 'सिद्धान्तशिरोमणि' हा ग्रंथ लिहिला. चाळीसगावजवळ पाटण येथे त्यांच्या नातवाने त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला, असा शिलालेख आहे. भास्कराचार्य सांगतात की मोठ्या वर्तुळाचा शंभरावा तुकडा घेतला तर तो सरळच दिसतो. पृथ्वी फार मोठी आणि माणूस अगदी लहान, म्हणून त्याला ती सपाट दिसते. पृथ्वीचा घेर सुमारे ४०,००० किलोमीटर आहे. त्याचा शंभरावा भाग ४०० किलोमीटर, म्हणजे पुण्याहून जवळजवळ जळगावपर्यंत. एवढी जमीन आपल्याला एकदम कुठे दिसते? कलिंगडावर बसलेल्या मुंगीला कलिंगड सपाटच वाटणार. एका किलोमीटरला जमीन फक्त ८ सेंटीमीटर वाकते. कात्रजचा घाट त्याच्यापेक्षा कितीतरी वर-खाली होतो, मग तो बाक डोळ्याला कसा कळणार?

माणसे का पडत नाहीत, हेही भास्कराचार्यांनी सांगितले आहे. पृथ्वी सगळ्या वस्तूंना आपल्याकडे ओढते. जिथे पाय तिथे खाली, जिथे आकाश तिथे वर. म्हणून अमेरिकेतला माणूसही आपल्यासारखाच सरळ उभा राहतो आणि समुद्रही सांडत नाही.

आता डोळ्यांनी बघायचा पुरावा. माझा मामा पुण्यात बिबवेवाडीला राहतो. मे महिन्याच्या सुट्टीत १३ तारखेला आम्ही त्याच्या गच्चीवर एक मीटर लांबीचा पाईप सरळ उभा केला. तो सरळ आहे की नाही ते ओळंब्याने बघितले. दुपारी साडेबाराच्या सुमारास पाईपाची सावली जवळजवळ नाहीशीच झाली. मामी म्हणाली, "अगोबाई, सावली गेली कुठं?" त्या दिवशी सूर्य बरोबर डोक्यावर आला होता. नागपूरच्या मावशीने त्याच दिवशी एक मीटरचीच काठी उभी केली होती. तिच्या काठीची सावली सगळ्यात आखूड झाली तेव्हाही चार-साडेचार सेंटीमीटर उरली, आणि ती वेळ होती बारा वाजून दहा मिनिटे. म्हणजे तिथली दुपार आपल्या वीस मिनिटे आधी झाली आणि सावलीही गेली नाही. सूर्य फार लांब आहे. जमीन सपाट असती तर दोन्हीकडे एकाच वेळी सारखीच सावली पडली असती. जमीन वाकलेली आहे म्हणून सावली बदलते. अशाच सावल्या मोजून ग्रीक विद्वान एराटोस्थेनिस याने सुमारे २,२०० वर्षांपूर्वी पृथ्वीचा घेर काढला होता.

यावर सपाट पक्षाचा पुढारी म्हणाला, "सूर्य लांब कशावरून? जवळच असेल, म्हणून सावली वेगळी." त्याचा प्रश्न चांगला आहे. पण सूर्य जवळ असता तर दुपारी डोक्यावर मोठा दिसला असता आणि संध्याकाळी लांब जाता जाता बारीक होत गेला असता. तसे होत नाही. (सूर्याकडे नुसत्या डोळ्यांनी बघू नये, डोळे जातात.)

आणखी एक पुरावा आकाशात आहे. चंद्रग्रहणात चंद्रावर पृथ्वीची सावली पडते. ७ सप्टेंबर २०२५ ला खग्रास चंद्रग्रहण होते. कोणत्याही ग्रहणात बघा, त्या सावलीची कड गोलच असते. थाळीची सावली भिंतीवर पाडली तर थाळी फिरवल्यावर ती लांबट होते, कधी नुसती रेघ होते. चेंडू कसाही फिरवा, सावली गोलच. हा प्रयोग आम्ही वर्गात बॅटरीने करून बघितला.

सपाट पक्षाला थोडे गुण द्यायला हवेत. पृथ्वी अगदी चेंडूसारखी नाही, ध्रुवांजवळ किंचित चपटी आहे. विषुववृत्तावर तिचा व्यास १२,७५६ किलोमीटर आणि ध्रुवापासून ध्रुवापर्यंत १२,७१४ किलोमीटर. फरक थोडाच, पण आहे!

माझ्या मते गोल पक्ष जिंकला. पण सपाट पक्षाने प्रश्न विचारले म्हणून आम्ही सावली मोजली, नाहीतर नुसते पाठ करून मोकळे झालो असतो. पालकांनो, येत्या १३-१४ मेच्या सुमारास पुण्याच्या आसपास असाल तर दुपारी अंगणात पहार किंवा पाईप सरळ उभा करा आणि सावली बघा. नातेवाईक दुसऱ्या गावी असतील तर त्यांनाही फोन करून मोजायला सांगा. आलेली मापे बाईंकडे द्या, आम्ही ती पुढच्या अंकात लावू.

— इयत्ता चौथी