एकट्यानें खेळावयाचे तीन डाव

पत्ते म्हटले कीं आमच्या पिढीच्या डोळ्यांपुढें उन्हाळ्याची सुटी, माजघरांतील सतरंजी आणि झब्बूचा कलकलाट उभा राहतो. चार माणसें जमल्याखेरीज पत्त्यांस हात लावावयाचा नाहीं, असा आमच्या घरचा जणूं नियमच होता. म्हणून वहिनी निवर्तल्यावर आमचे वडील बंधू अण्णा रोज दुपारीं एकटेच पत्ते मांडून बसूं लागले, तेव्हां मंडळींस तें चमत्कारिक वाटलें. आम्हींही प्रथम नाक मुरडलें. पुढें एके दिवशीं त्यांच्याजवळ जाऊन बसलों. तेथें जें पाहिलें व शिकलों, तें वाचकांपुढें ठेवीत आहों.

या खेळांस इंग्रज लोक 'पेशन्स' म्हणजे धीर म्हणतात, आणि अमेरिकन लोक 'सॉलिटेअर' म्हणजे एकट्याचा खेळ म्हणतात. दोन्ही नांवें सार्थ आहेत. अठराव्या शतकाच्या अखेरीस उत्तर युरोपांत यांचा उल्लेख आढळूं लागतो. इंग्लंडांत १८७० च्या सुमारास लेडी अ‍ॅडलेड कॅडोगन यांच्या पुस्तकानें यांस प्रतिष्ठा दिली. आपल्याकडे पुष्कळांची यांच्याशीं ओळख झाली ती मात्र संगणकामुळें. १९९० सालीं विंडोज ३.० बरोबर यांतील एक डाव कचेऱ्यांतून शिरला, आणि आतां तर तो प्रत्येकाच्या खिशांतील फोनवर येऊन बसला आहे. या खेळांचे प्रकार शेंकड्यांनीं मोजावे लागतील. परंतु घरोघरीं चालतात ते मुख्यतः तीन.

पहिला 'क्लॉन्डाइक'. कॅनडांतील ज्या प्रदेशांत १८९६ सालीं सोनें सांपडून लोकांची झुंबड उडाली, त्याचें हें नांव. सात उभ्या ओळींत अनुक्रमें एकापासून सातपर्यंत अशीं २८ पानें मांडावयाचीं. प्रत्येक ओळींतील शेवटचें पान तेवढें उताणें, बाकीचीं २१ पालथीं. २४ पानें हातांत राहतात. तांबड्या दश्शीवर काळी नव्वी, तिजवर तांबडी अठ्ठी, असें उतरत जावयाचें. रिकाम्या जागीं फक्त राजा ठेवावयाचा. आणि एक्क्यापासून राजापर्यंत चारही रंगांचे ढीग पुरे करावयाचे. सर्व पानें आधींच ठाऊक आहेत असें धरल्यास, हातांतील पानें तीन-तीन उलटण्याच्या प्रकारांत शंभरांपैकीं सुमारें ८२ डाव सुटण्याजोगे असतात, असें संगणकानें गणित करून काढलेलें आहे. प्रत्यक्ष खेळणारास त्याहून पुष्कळ कमी साधतात, कारण पानें झांकलेलीं असतात. डाव अडला म्हणजे दोष दैवाचा कीं आपला, हें त्यास कळत नाहीं.

अण्णा हाच डाव मांडीत. तो अडला कीं पालथीं पानें उलटून पाहात आणि म्हणत, "तो काळा राजा आधीं हलवला असता तर?" हा प्रश्न पत्त्यांपुरता नव्हता, हें घरांत सर्वांस ठाऊक होतें. वहिनींचा ताप साधा समजून त्यांना दवाखान्यांत नेण्यास दोन दिवस उशीर झाला होता.

दुसरा 'स्पायडर'. यास दोन कॅट, म्हणजे १०४ पानें लागतात. दहा ओळींत ५४ पानें मांडून उरलेलीं ५० पांच वेळां, दर ओळीस एक याप्रमाणें वाटावयाचीं. राजापासून एक्क्यापर्यंत एकाच रंगाची माळ जमली कीं ती उचलावयाची. अशा आठ माळा उचलल्या म्हणजे डाव सुटला. यांतील खुबी अशी कीं, इस्पिकच्या नव्वीवर बदामाची अठ्ठी ठेवण्यास मुभा आहे. पण तीं दोन पानें मिळून पुढें हलवितां येत नाहींत. आजची सोय उद्यां आडवी येते. अडगळ माळ्यावर टाकणाऱ्या गृहस्थांस हें निराळें सांगावयास नको. संगणकावर हा डाव एका, दोन किंवा चार रंगांनीं खेळतां येतो. नवशिक्यानें एका रंगापासून आरंभ करावा.

तिसरा 'फ्रीसेल'. अमेरिकेंतील इलिनॉय विद्यापीठाच्या संगणकावर पॉल अल्फिल यांनीं १९७८ सालीं तो आणला. येथें बावन्नही पानें आरंभापासून उताणीं असतात: आठ ओळी, त्यांपैकीं चारांत सात-सात व चारांत सहा-सहा पानें. शिवाय चार रिकामीं घरें मिळतात; प्रत्येकांत एक पान तात्पुरतें ठेवावें. चारही घरें मोकळीं असतां पांच पानांची माळ हलवितां येते. जोडीस एक ओळ रिकामी असेल तर दहांची. म्हणून घरें भरण्याची घाई करूं नये. जुन्या विंडोजमध्यें या खेळाचे ३२,००० क्रमांकित डाव होते. १९९४-९५ मध्यें हौशी लोकांनीं ते आपसांत वाटून घेऊन सोडविले. एकटा क्रमांक ११९८२ राहिला. पुढें संगणकांनीं शोधूनही त्यास उत्तर सांपडलें नाहीं, कारण तें मुळीं नाहींच.

घटकाभर करमणूक हवी त्यानें क्लॉन्डाइक मांडावा, चिकाटी असेल त्यानें स्पायडर, आणि विचाराची आवड असेल त्यानें फ्रीसेल. आमचा कौल शेवटच्यास आहे. त्यांत कांहींच झांकलेलें नसल्यामुळें शेजारीं बसलेल्या माणसासही डोकें चालवितां येतें.

तरीही तो अण्णांस शिकवितांना आम्ही कचरलों. ज्या डावांत हरणें म्हणजे जवळजवळ नेहमींच स्वतःची चूक, तो त्यांच्यापुढें ठेवावा कीं नाहीं? शेवटीं ठेवला. अण्णा हरत, मागें जाऊन चुकलेली जागा शोधीत, पुन्हां मांडीत. मग एके दिवशीं नातवानें ११९८२ क्रमांकाचा डाव कागदावर उतरून आणला, आणि आम्हीं तो पत्त्यांनीं सतरंजीवर मांडून दिला. त्याची हकीकत मात्र सांगितली नाहीं. अण्णा चार दिवस झगडले. पांचव्या दिवशीं आम्हीं ती सांगितली.

"म्हणजे कुणीही खेळला असता, तरी सुटला नसता?" त्यांनीं विचारलें.

"कुणाच्याच हातून नाहीं, अण्णा."

ते बराच वेळ पानांकडे पाहात राहिले. "असाही डाव असतो तर," एवढेंच म्हणाले.

वहिनींचें दुखणें यांपैकीं कोणत्या जातीचें होतें, हें आम्हांस सांगतां येत नाहीं. डॉक्टरांसही तें निश्चित सांगतां आलें नाहीं. अण्णांनीं पुन्हां तो प्रश्न विचारला नाहीं, इतकें खरें. दुपारीं ते अजून पत्ते मांडतात. परंतु आतां भिंतीकडे सरकून बसतात आणि सतरंजीचा निम्मा भाग मोकळा ठेवतात. तेथें आम्ही जाऊन बसतों, आणि शाळा सुटली कीं मुलेंही येतात.